मादाम वीजबिल

लांकेरवेल गावच्या कचेरीत सोलांज रिऊ एकतीस वर्षं एकाच खिडकीमागे बसली होती आणि त्या खिडकीतून बाहेर येणारा पहिला शब्द कायम एकच असे : "वीजबिल?" माणूस बाळाच्या जन्माची नोंद करायला येवो, शाळेत मुलाचं नाव घालायला येवो, नाहीतर आजोबांच्या थडग्याच्या जागेची मुदत वाढवून घ्यायला येवो, तो खरोखर या गावात राहतो हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नसे. सोलांजने त्याला लहानपणी नाक पुसताना पाहिलेलं असलं तरी नाही. ते ठरवायचं वीज कंपनीने.

गावाने तिचं नाव मादाम वीजबिल ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं.

येत्या ऑक्टोबरात ती निवृत्त होणार होती. कचेरीच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड नोकरीबरोबर मिळालेलं, ते नोकरीबरोबरच जाणार. मग कँपेर शहरात चुलतबहिणीकडे पोटमाळ्यावरची एक खोली. खोली छान होती, खिडकीतून नदी दिसायची, पण तेरा चौरस मीटर. आणि तेरा चौरस मीटरात पाहुणा मावत नाही. म्हणजे मावतो, पण सरकारच्या लेखी मावत नाही. परदेशातून कुणाला तीन महिन्यांसाठी घरी बोलवायचं तर यजमानाने आपल्या गावच्या कचेरीतून निमंत्रणाचा दाखला घ्यायचा. घर कुणाचं, किती मोठं, पाहुण्याचा खर्च कोण करणार, सगळं त्यात. त्यावर मेयरची सही. मग मूळ कागद टपालाने पाहुण्याकडे धाडायचा आणि पाहुण्याने तो व्हिसाच्या मुलाखतीला हातात घेऊन जायचं. असले दाखले सोलांजने आजवर किती बनवले आणि त्याहून किती परत पाठवले, याची गणती नव्हती. स्वतःसाठी मात्र हा पहिलाच.

पाहुणीचं नाव नुरू. मादागास्करमधल्या आंत्सिराबे गावची निवृत्त सुईण. दोघी तेरा वर्षांच्या असताना शाळेतल्या बाईंनी पत्रमैत्रिणी वाटून दिल्या, तेव्हा सोलांजच्या वाट्याला नुरू आली. पंचेचाळीस वर्षांत दोघींनी एकमेकींना लग्नं, बाळंतपणं, एक घटस्फोट आणि दोन वैधव्यं कळवली, पण आवाज ऐकला तोही अलीकडे, फोनवर. अकरा महिने वाट पाहून नुरूला मुलाखतीची तारीख मिळाली होती : सहा जून. आज होती सव्वीस एप्रिल. टपालाला चार आठवडे धरा. पुढच्या आठवड्यात कागद निघाला नाही, तर पुढची तारीख कधी मिळेल ती मिळेल, आणि तोवर सोलांज पोटमाळ्यावर गेलेली असेल.

स्वतःच्या अर्जावर स्वतःच शिक्का मारणं तिच्या तत्त्वात बसेना. म्हणून आज, शुक्रवारी सकाळी, तिने मेयरना खिडकीमागे बसवलं, स्वतः बाहेरून वळसा घालून आली आणि फाइल छातीशी धरून रांगेत उभी राहिली. मेयर लोईक बोझेक हे सफरचंदांचे बागायतदार. मेयरपदाच्या आठ वर्षांत ते या खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्यांनी आधी खुर्ची उंच केली, मग खाली केली.

"हं, मादाम रिऊ. आता मी काय मागायचं?"

"वीजबिल मागा."

"पण तुम्ही वर राहता हे मला माहीत आहे की. तुमच्या कांद्याच्या सुपाचा वास माझ्या टेबलापर्यंत येतो."

"वास पुरावा होत नाही, मेयरसाहेब. मागा."

"बरं. वीजबिल?"

तिने रुबाबात बिल पुढे सरकवलं. मेयरनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "ग्राहकाचं नाव : लांकेरवेल गावची कचेरी." त्यांनी मान वर केली. "म्हणजे पाहुणी आमच्या सगळ्यांकडे येतेय का?"

रांग खो खो हसली. पाववाल्या बाईने तर भिंतीचा आधार घेतला. सोलांजने बिल परत घेऊन उलटसुलट पाहिलं. इमारतीला मीटर एक, बिल एक, आणि ते दर दोन महिन्यांनी तीच फाइलला लावायची. पाण्याचंही तसंच. भाडेकरार नाहीच. साऱ्या गावाला तिने रहिवासी करून घेतलं होतं आणि स्वतः एकतीस वर्षं, कागदोपत्री, कुठेच राहत नव्हती.

"त्यात काय?" मेयर म्हणाले. "मी लिहून देतो, या बाई आमच्या घरात राहतात म्हणून. चालतं का तसं?"

"चालतं," ती हळूच म्हणाली. "ज्याच्या घरात राहतो त्याचं पत्र आणि त्याचं बिल. परिपत्रकात आहे. तिसऱ्या पानावर."

"मग माझ्या बहिणीचं पत्र चाललं असतं?"

हे तिच्या मागून आलं. फांश कादिऊ उभा होता. आयुष्यभर ट्यूना पकडणाऱ्या बोटींवर काढलेला म्हातारा, आता बहिणीच्या घरी राहणारा. तो हसत नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याने डकारच्या उसेनूला बोलवायचं ठरवलं होतं. दोघांनी एका बोटीवर बावीस वर्षं काढली होती. घर बहिणीच्या नावावर, बिलही बहिणीच्या नावावर. फांश खिडकीवर तीनदा आला आणि तीनदा परत गेला. चौथ्यांदा आला नाही.

"चाललं असतं," सोलांज म्हणाली.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे वाक्य तिने आजवर शेकडो वेळा खिडकीच्या आतून उच्चारलं होतं. बाहेर उभं राहून आज पहिल्यांदा ऐकलं. फांशने टोपी घातली आणि तो निघून गेला.

मेयरनी पेन उचललं होतं. "आणा, सही करतो."

"मंगळवारी. आधी कादिऊंचा अर्ज."

"मादाम, तुमच्याकडे दिवस थोडे आहेत."

"मोजता येतात मला," ती म्हणाली आणि बाराच्या ठोक्याला तिने खिडकी बंद केली.

दुपारी ती कोरा अर्ज घेऊन फांशकडे गेली. तो बटाट्याच्या वाफ्यात खुरपत होता. तिचं सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "ओळखपत्र आणलंय?"

"कुणाचं?"

"तुमचं. तुम्ही कोण ते मला कसं कळावं? उद्या या."

शनिवारी ती ओळखपत्र घेऊन गेली. फांशने ते उन्हात धरून तपासलं, मागची बाजूही वाचली आणि म्हणाला, "वीजबिल?"

सोलांज परत फिरली. चढावर एकदा थांबली. सहा जूनपर्यंतचे आठवडे तिने पुन्हा एकदा बोटांवर मोजले आणि ते पहिल्याइतकेच भरले. तीनदा म्हणजे तीनदा, ती मनाशी म्हणाली. माणसाने हिशेब बरोबर लावलाय.

रविवारी चर्च सुटल्यावर तिसऱ्यांदा गेली तेव्हा दार त्याच्या बहिणीने उघडलं.

"या हो, मादाम. हा बैल दोन दिवस खिडकीच्या पडद्याआडून तुमची वाट बघतोय," रोझेन म्हणाली. "ए फांश, पुरे झालं आता! बाई पार चिपाड झाली चालून चालून. पत्र लिहून ठेवलंय मी शुक्रवारीच."

फांशने खुर्ची ओढून दिली. लोण्याचा केक आला, सफरचंदाची सायडर आली. मग सोलांजने टेप काढून पाहुण्याची खोली मोजली, कारण नियम तो नियम, आणि फांशने टेपचं दुसरं टोक धरलं.

"येतील का उसेनू अजून?" तिने विचारलं.

"गुडघे गेलेत त्याचे. पण तोंड शाबूत आहे. फोन केला होता काल. म्हणाला, चार वर्षं कागद शोधत होतात, की तुमच्याकडे शाई नव्हती?"

मंगळवारी मेयरनी दोन सह्या केल्या. रजिस्टरात कादिऊ आधी, रिऊ नंतर. कचेरीच्या दारावरच्या कागदपत्रांच्या यादीखाली तिच्या अक्षरात एक नवी ओळ आली : "यातलं काही नसेल, तरी आत या." मेयर ती दोनदा वाचून म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

उसेनूला मुलाखतीची तारीख सप्टेंबरची मिळाली. नुरू आली जुलैत.

कँपेर स्टेशनच्या फलाटावर सोलांज अर्धा तास आधी जाऊन उभी राहिली. गाडीतून एक बुटकी, गोल, पांढऱ्या केसांची बाई उतरली, थेट तिच्याकडे चालत आली, आणि मिठी मारायच्या आधी पर्स उघडून तिने चार घड्यांचा एक कागद सोलांजच्या हातात ठेवला. आंत्सिराबेच्या घराचं वीजबिल.

"मुलाखतीत कुणी मागितलंच नाही," नुरू म्हणाली. "पण तू पत्रात दोन वेळा अधोरेखित केलं होतंस, म्हणून जपून आणलं."

सोलांजने कागद उघडला आणि वरचं नाव वाचलं. ते नुरूचंच होतं. तिने त्याची नीट घडी घातली आणि सवयीने, कुठे ठेवावा म्हणून, इकडेतिकडे फाइल शोधू लागली. फाइल नव्हती. मग तो कागद मुठीत धरूनच तिने नुरूला कवटाळलं.