चाळीसच्या काट्यावर पंचाहत्तर सेकंद

उत्तन रस्त्यावरचा डोंगरीचा चढ अर्धा झाला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये थरथरू लागली. मी पहिला टाकला. मागे बर्फाच्या आठ लाद्या होत्या, शेजारी गाडीचे मालक दामोदर पाटील. एक रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली.

"बगितलं ना मिस्त्री? रोजचं हाय हे," पाटील म्हणाले.

"माल जास्त नाही ना भरलात?"

"आठच लाद्या. फॅक्टरीवाला मोजून देतो. तो माझा मेव्हना न्हाय."

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. पाटील पेणकरपाड्याचे. घरचं मिठागर बंद झाल्यावर त्यांनी ही जुनी डिझेल पिकअप घेतली होती. भाईंदरच्या फॅक्टरीतून बर्फ उचलायचा आणि सकाळी उत्तनच्या बंदरावर पोचवायचा, हे काम. बोटी भरतीला सुटतात, बर्फासाठी थांबत नाहीत. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर फेरी दुसऱ्या टेम्पोला देणार, असं फॅक्टरीच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं.

हाटकेशला आमच्या गॅरेजमध्ये मी जॉब कार्डवर लिहिलं, 'गाडी ओढत नाही.' पाटील अजून बोलत होते.

"सिग्नलवरून उठत न्हाय. चढाला दमते. पन हायवेला सोडली की पळते. काटा चाळीसवर असतो नि पंचेचाळीसवाले मागं ऱ्हातात."

"शेठ, नवीन घेतलेली गाडी सगळ्यांचीच पळते," मी म्हणालो आणि कार्ड क्लिपला लावलं.

डिझेल गाडी ओढत नसेल तर मेकॅनिक ठरलेल्या क्रमाने जातो. इंजिनला हवा नीट मिळते का, डिझेल नीट मिळतं का, तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचते का. एअर फिल्टर बदलला. डिझेल फिल्टर बदलला. टर्बोचा पाइप कुठे फुटलेला नव्हता. क्लच घसरत नव्हता, ब्रेक चिकटत नव्हते. डिझेल पंप काढून पंपवाल्याकडे पाठवला. तो दुसऱ्या दिवशी चिठ्ठीसह परत आला: ओके.

गाडी होती तशीच होती. दोन दिवस पाटलांनी चुलतभावाच्या टेम्पोतून बर्फ नेला. आणखी दोनच दिवस टेम्पो मिळणार होता, मग चुलतभावाला स्वतःचं भाडं होतं.

"मिस्त्री, तुमी इंजिनला इचारताय. मला कवा इचारनार?" पाटील म्हणाले.

मी कार्ड खाली ठेवलं आणि त्यांना घेऊन रिकामी गाडी हायवेवर काढली. काटा चाळीसवर धरून ठेवला. एका किलोमीटरच्या दगडापाशी पाटलांना घड्याळ बघायला सांगितलं. ताशी चाळीसने एक किलोमीटरला नव्वद सेकंद लागतात. पुढचा दगड आला तेव्हा पाटील म्हणाले, "पंच्याहत्तर."

पुन्हा मोजलं. पुन्हा पंचाहत्तर. काटा चाळीस दाखवत होता आणि गाडी अठ्ठेचाळीसने चालली होती. मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. म्हणजे फरक गिअरबॉक्सनंतर, चाकांच्या बाजूला होता.

गॅरेजमध्ये मागची दोन्ही चाकं उचलली. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण केली. दोघांनी दोन चाकं मिळून एक फेरा फिरवली. दांडा जवळपास पाच फेरे फिरायला हवा होता. चारापेक्षा जेमतेम जास्त फिरला.

ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियन नावाची दातांची जोडी असते. ती इथे मूळची नव्हती. सायकलला पुढे मोठी चकती लावली तर सपाटीवर सायकल पळते, चढावर पाय भरून येतात. तसंच.

पाटलांनी जुन्या मालकाला फोन लावून मला दिला. तो वापीहून प्लास्टिकचे रिकामे क्रेट आणायचा.

"हां, क्राउन चेंज कराया था," तो म्हणाला. "हल्का माल, लंबा रास्ता. डिझेल भी बचता है."

"सेठ को बताया क्यूं नहीं?"

"उन्होंने पूछा, इंजन खुला है क्या. इंजन तो नहीं खुला."

मी ते पाटलांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हेच इचारलं व्हतं मी."

मूळ मापाची जोडी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसवली. त्याच्या पुढच्या सकाळी आठ लाद्यांसह डोंगरीचा चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. बंदरावर पोचलो तेव्हा बोटी अजून दोरीला होत्या. एका खलाशाने विचारलं, "आज लवकर कसे?" पाटील लाद्या उतरवायला लागले.

आठवड्याने ते पुन्हा गॅरेजला आले.

"मिस्त्री, हायवेला पयल्यासारखी पळत न्हाय आता."

"शेठ, तुमच्या फेरीत हायवे कुठे येतो?"

"येत न्हाय. पन कळवलं."

तेव्हापासून जॉब कार्डवर मी गिऱ्हाईकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवतो. 'ओढत नाही' हे माझे शब्द होते. पाटलांचे शब्द लिहिले असते तर पंप जागेवरच राहिला असता.