शेळ्यांमागचा अभ्यास

मुकम्मल कुठलाही धडा तीनदा करायचा. पहिल्यांदा घरात, उर्दूत, पुस्तकात जसा आहे तसा. दुसऱ्यांदा पाटोद्याच्या माळावर, आईच्या शेळ्यांमागे चालत, मराठीत. तिसऱ्यांदा परत घरात, परत उर्दूत. झालं का रे म्हणून विचारलं की म्हणायचा, "झालंय, पर मुकम्मल न्हाई." म्हणजे पुरतं नाही, अजून कुठंतरी फट आहे. हेच नाव त्याला चिकटलं. दत्तू हे त्याचं खरं नाव आईखेरीज कोणी घेत नसे.

आम्ही एका गावचे, औरंगाबादच्या कॉलेजात एका खोलीत राहणारे. आमच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू, म्हणून शिकणं आणि परीक्षाही उर्दूतच. उर्दूशी माझं भांडण नाही. तिच्यातले शेर आणि शिव्या दोन्ही मला येतात. पण घरी, बाजारात, शेतात मराठी बोलणाऱ्या मुलखाची पोरं परीक्षेपुरती परकी होतात, हा कुठला न्याय? मी हे विचारत विचारत कॉलेजातून बाहेर पडलो आणि पत्रकं लिहायला लागलो. मुकम्मल बाहेर पडला नाही. बाप नव्हता. इंटर पास झाला तर कचेरीत नोकरी, नाहीतर आईच्या हातातली काठी त्याच्या हाती येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तयारीच्या सुट्टीत तो गावी यायचा. फ्रान्सच्या क्रांतीचा धडा तो आईला सांगत होता तेव्हा मी सोबत होतो. राजानं मिठावर पट्टी बसवली, असं तो म्हणाला आणि म्हातारी जागच्या जागी थांबली. "मिठावर? आनि लोक गप ऱ्हायले?"

"लई वर्सं गप ऱ्हायले."

"मंग तुजा हा राजा काय वाईट न्हाई, लोकच मऊ हायत," म्हणत तिनं एका शेळीला हाणलं.

मी हसलो. मुकम्मल चिडला. "कावून हसतो बे? तिला पटलं न्हाई म्हंजी मला समजलं न्हाई." आणि त्यानं तो धडा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला. उन्हात माझे पाय भाजत होते. मला पत्रकात कधी जमलं नसतं इतकं त्यानं म्हातारीला पटवून सांगितलं: दाणे कुणाकडं होते, भूक कुणाकडं, आणि राजवाड्यात कुणाला काय माहीत नव्हतं.

परीक्षेला तो गेला. इतिहासाचा पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न तोच. नंतर तो मला सांगत होता, "प्रश्न वाचला आन् आई डोळ्यापुढं उबी ऱ्हायली. ती इचारत गेली, मी लिवत गेलो." घंटा होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. वही गोळा करायला आलेल्या वृद्ध मौलवीसाहेबांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. वही उर्दूसारखी उजवीकडून नव्हे, डावीकडून उघडलेली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मराठी. ते हळूच म्हणाले, "बेटा, लिखा तो बहुत होगा. मगर पढ़ेगा कौन?"

कोणी वाचलं नाही. मुकम्मल नापास झाला.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. एवढा अभ्यास केलेला पोरगा, आणि त्याला येतं ते वाचायला सरकारकडे माणूस नाही! मी तिथंच पत्रकाचा मथळा केला: मायबोलीसाठी परीक्षेवर लाथ. त्याला वाचून दाखवला. त्यानं तो कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"लाथ न्हाई मारली बे. चुकलं माजं. खोटं छापू नगंस."

"चुकलं तुझं नाही, त्यांचं."

"ते आसंल. पर मला पास व्हायचं हाय. मी काय तुमचा झेंडा हाय का?"

मी ते पत्रक छापलं नाही. दुसरी बरीच छापली, आणि शेवटी राज्याची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात, नगर जिल्ह्यात राहायला आलो. तिथून हद्दीपलीकडे आष्टीच्या बाजारात माणसं माझी पत्रकं नेतात. लोक घेतात, घडी घालतात, कमरेला खोचतात. वाचतात का, देव जाणे. अलीकडे मलाही थकवा येतो.

पुढच्या साली मुकम्मल पास झाला, लांबच्या एका कचेरीत लागला. ते ऐकून मी चोरून गावात गेलो. तो निघून गेलेला होता. म्हातारी माळावर होती, शेळ्या तशाच पुढं.

"पास झाला म्हनं," मी म्हणालो.

"झाला की. लई शिकला आवंदा. दार लावून बसायचा." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "मला काय बी सांगितलं न्हाई पर. इचारलं तर म्हन्ला, तीच पुस्तकं हायत आई, काय सांगू? आता तीच तर तीच. सावनातल्या काहान्या बी त्याच आसत्यात. दरसाल सांगत्यातच की."

मला तिथं फार थांबता येत नव्हतं. गावात पोलीस होते. तरी मी तिच्या बरोबरीनं चालायला लागलो आणि विचारलं, "आई, मिठावर पट्टी बसवणाऱ्या त्या राजाचं ऐकलंय ना तुम्ही?"

"ऐकलंय," ती म्हणाली. "पर तू पयल्यापासून सांग."