मास्तरांनी राखून ठेवलेले चार अंश

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात पदवी घेऊन आलेलं माणूस म्हणजे एकटी ती. पहिल्याच दिवशी कामगारांनी तिचं नाव पाडलं, बीएस्सी. "ए बीएस्सी, बाजूला सर, नाहीतर घरी निळी होऊन जाशील!" असं म्हणत ओल्या कापडाचे पिळे घेऊन माणसं तिच्या शेजारून जात. ती हसायची. वर्षभर अर्ज लिहून लिहून बोटांना घट्टे पडायचे तेवढे राहिले होते. नावं ठेवायला का होईना, कुणीतरी आत घेतलं होतं.

करार साधा होता. तीन महिने रंगमास्तरांच्या हाताखाली शिकायचं. मग साहेब कापडाचा एक तुकडा देतील, तसाच दुसरा तिनं एकटीनं रंगवायचा. रंग जुळला तर नोकरी कायम, नाही जुळला तर रामराम. मास्तरांचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. त्यांच्या जागेवर माणूस तयार झालं की ते घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला वाटायचं, थकलाय बिचारा जीव, सुटकेची वाट बघत असेल.

आणि मास्तरांनी शिकवलंही कसं! हातचं राखून शिकवणारी माणसं तिनं विद्यापीठात ढिगानं पाहिली होती. हा माणूस ओंजळीनं ओतत होता. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, त्याच्यावर भाळायचं नाही. रंग दिव्याखाली बघायचा नाही, खिडकीपाशी न्यायचा. मीठ एकदम टाकायचं नाही, रंगाला दचकवायचं नाही. "रंग म्हणजे लाजाळू पाहुणा, पोरी. ओढून आणलास तर उंबऱ्यातूनच परत जाईल." हे ती रोज संध्याकाळी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगायची. आईनं मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्यासाठी लोकरीची कानटोपी विणायला घेतली होती.

नमुना रंगवायचं एक छोटं तांब्याचं भांडं होतं. त्याचा थर्मामीटर मास्तरांच्या स्टुलाच्या बाजूला बसवलेला. मास्तर वाकून बघत आणि हाक देत, "साठ!" की तिनं कापड सोडायचं. तीन महिन्यांत तिनं तो आकडा स्वतः एकदाही वाचला नाही. मोठ्या माणसाच्या खांद्यावरून डोकावायचं, म्हणजे त्यांच्या शब्दाची पडताळणी केल्यासारखं. ते काही तिला बरं वाटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मास्तर नियमाप्रमाणे बाहेर बसले. ती पहिल्यांदाच त्यांच्या स्टुलावर बसली. पारा साठावर आला. तिनं कापड सोडलं, मीठ हळूहळू दिलं, वेळ मोजली. कापड वाळवून खिडकीपाशी नेलं. रंग फिका. साहेबांनी दोन्ही तुकडे शेजारी धरले, चष्मा वर केला, खाली केला. "अजून कच्ची आहेस," म्हणाले आणि निघून गेले.

भांडी घासणारी मावशी कोपऱ्यात उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "रडू नको गं. तू चौथी."

"कसली चौथी?"

"तुझ्याआधी तिघं असेच फिके निघाले. एक नापास झाला की मास्तरांची नोकरी पुढचे सहा महिने पक्की."

तिचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. खाली कॅन्टीनमधून तिनं पेलाभर बर्फ आणला. थर्मामीटर काढून त्यात बुडवला आणि वितळत्या बर्फात उभा धरून थांबली. पारा शून्यावर यायला हवा होता. तो चारावर येऊन बसला, आणि तिथून हलेना.

म्हणजे काचेवर साठ दिसत तेव्हा भांड्यात छप्पनच असत, आणि छप्पनला रंग पुरता चढत नाही. मास्तर काचेवर चौसष्ट बघून "साठ!" म्हणत आले होते.

ती पेला घेऊनच बाहेर आली. मास्तर बाकावर पाय हलवत बसले होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि पाय थांबले.

"मी तुला एक तरी गोष्ट खोटी शिकवली का, सांग," ते म्हणाले.

"नाही."

"मग? मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं ठेवलं. तिला कुणी नावं ठेवतं का?"

"मांजरीला वाघ खाणार होता, मास्तर. मी तुम्हाला खाणार होते?"

मास्तरांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती.

"होतीस. तू पास झालीस की मी चार भिंतींत. सून ताट सरकवणार आणि नातू विचारणार, आजोबा, तुम्ही दिवसभर काय करता?"

ती साहेबांकडेही गेली. साहेबांनी बर्फ पाहिला, पारा पाहिला आणि फाईल मिटली. "तीन महिन्यांत एकदाही तपासला नाहीस? हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात." ते खरंच होतं. विद्यापीठानं शिकवलं होतं की काच आधी तपासावी. माणूस तपासावा, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

घरी आई दारातच होती. सगळं ऐकायच्या आधीच, नुसत्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं.

"नाही झालं? नसू दे. मास्तरांना सांग ना, त्यांचं वजन आहे. दुसरीकडे एखादा शब्द टाकतील तुझ्यासाठी."

"आई, त्यांचं नाव या घरात पुन्हा काढू नकोस."

"अगं, असं काय बोलतेस! गुरू ना ते तुझे?"

"म्हणूनच," ती म्हणाली.