शिंगाडे सरांचा उभा डी

"उभा कर त्याला! हा डी कलंडलाय कशानं? ताप आलाय का?"

शिंगाडे सर माझ्या टाइपिंगच्या दुकानात ओरडत होते. घोडेगाव स्टँडवरून डोंगराकडं निघालेल्या एसटीला त्या दिवशी हॉर्न वाजवावाच लागला नाही. ही आमची पहिली भेट. कॉलेजातून रिटायर झालेले सर कॅलक्युलसचं पुस्तक छापायला घेऊन आले होते, आणि नमुन्याचं पहिलं पान त्यांच्यासमोरच टाइप करताना मी लाटेकमध्ये, म्हणजे गणितं देखणी मांडणाऱ्या त्या संगणकी करामतीत, 'डीवाय बाय डीएक्स'चे डी तिरके टाकले होते.

"सर, समदीकडं तिरकाच असतो."

"म्हणून तर पोरं वरचा डी खालच्या डीनं उडवतात! खूण आहे ती, पण साधं अक्षर समजतात त्याला. तीस वर्षं लाल पेनानं गोल करतोय, राव. उभा दिसला की थबकतील."

पुस्तकात पंधरा हजार डी होते. बरं, नऊशे धरा. चार दिवस मी एकेकाला बखोट धरून उभा केला. पाचव्या दिवशी सर आले आणि इतके हसले की समोरच्या चहावाल्याचं दूध उतू गेलं.

"आमच्या आज्याची चारशे मेंढरं व्हती. एकेकीला हाका मारत बसला असता, तर आजून मढच्या घाटातच असता. घंटा एकीच्या गळ्यात बांधायची, बाकीच्या मागनं येत्यात."

मग त्यांनी फाइलच्या माथ्यावर एकच ओळ लिहिली: 'डीवाय बाय डीएक्स'ची खूण अशी दिसावी. खाली सगळीकडं त्या आज्ञेचं नुसतं नाव. ती ओळ बदलली की पुस्तकभर खूण बदलते. मला त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं आणि चार दिवसांसाठी रडावंसंही.

छापायला देण्याआधी सरांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या प्रियाला बोलावलं. बारावीची पोरगी. तिच्यापुढं पान ठेवून सर श्वास रोखून बसले. प्रियानं पान मन लावून वाचलं, पेन काढलं आणि दोन्ही डी उडवले.

"अगं, डी उभा हाये, दिसत न्हाई का?" मीच किंचाळलो.

"दिसतोय की. लई झ्याक दिसतोय. पण वर-खाली सारखाच हाये ना, म्हनून उडवला."

आता दुकानाचे पत्रे मंचरात जाऊन पडणार, म्हणून मी टेबल घट्ट धरलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सर, आता?"

"डी काढ. वायला नुसता डॅश दे; अर्थ तोच, पण उडवायला काही उरत नाही. एकच ओळ बदलायचीय."