ओल्या गाठी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार नामदेवकाकांचे आहेत. ते नगरपालिकेत नळाला पाणी सोडायची चावी फिरवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. खेड्यावरून मेहकरला शिकायला आलो तेव्हा काकांनी त्यांच्या घरातली एक खोली मला दिली. सहा वर्षं मी काकूंच्या हातचं जेवलो.

सकाळी चहाच्याही आधी काका घरासमोरच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायचे. दोरीला हातहातावर गाठी. किती गाठी ओल्या निघाल्या तो आकडा ते ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. नळाला पाणी सोडलं असेल त्या दिवशी आकड्याशेजारी एक फुली.

"कशाला लिहिता, काका?"

"देवाचं पाणी हाय बे. त्याची हजेरी नको का घ्याले?"

वैशाखात शिवारातल्या विहिरी तळाला जायच्या, ही मात्र कधी आटली नाही. दहा दिवसांतून एकदा येणारा नळ आमच्या गल्लीपर्यंत पोचतच नसे. सगळी गल्ली हीच विहीर प्यायची. मीही.

पुढे मी भूशास्त्र घेतलं. शहराखालचं पाणी येतं कुठून, याचा अंदाज काढायचं काम मिळालं, आणि मी हौसेनं काकांची विहीर निवडली. पाण्याच्या बाटल्या तपासायला नेल्या, भिंतीवरचे आकडे वहीत उतरवले. भर उन्हाळ्यातही फुलीच्या दुसऱ्या दिवशी तीन गाठी जास्त ओल्या होत्या. पाण्यातले क्षार शेतातल्या विहिरींशी जुळेनात. ते धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याशी जुळले. जमिनीखाली फुटलेला पाइप विहीर भरत होता, आणि वाटेत संडासांच्या खड्ड्यांतलं पाणी त्यात मिसळत होतं.

काकांना सांगितलं, तेव्हा ते दोरीच्या गाठी चाचपत बसले.

"म्हंजे मीच वरून ओततो अन् मीच खालून शेंदतो. मले वाटे, देव भरते."

"हे पाणी पिण्यासारखं नाही, काका. मला अहवालात तसं लिहावं लागेल."

"मंग पाइप बुजवतीन?"

"हो."

"अन् पाइप बुजवला का विहीर आटन."

मी मान हलवली. आतून काकू म्हणाल्या, "काऊन रे बाबा, याच्यासाठीच शिकवलं काय तुले?"

काका त्यांना गप्प करतील असं मला वाटलं. ते उठून दोरी गुंडाळू लागले.

अहवाल महिनाभर माझ्या पिशवीत पडून होता. लिहिलं नाही तर गल्ली घाण पिणार, लिहिलं तर तहानेली राहणार. मेहकरच्या एसटीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा मधल्या फाट्यावर उतरून परत आलो. शेवटी त्यांना पत्र पाठवलं:

"तीर्थरूप काका व काकूंस साष्टांग नमस्कार.

अहवाल काल दिला. पाणी पिण्यासारखं नाही, असं लिहिलं. आधी गल्लीत नळ आणा, मग पाइप बुजवा, असंही लिहिलं. पण नगरपालिका आधी काय करेल, हे माझ्या हातात नाही. आकडे कुणी घेतले, तिथं पहिल्या पानावर तुमचं नाव आहे.

काकू, पाणी उकळूनच प्या. सहा वर्षं तुम्ही तुमच्या तोंडचं पाणी मला पाजलं, ते मी विसरलेलो नाही.

काका, दोरी सोडणं थांबवू नका. ज्या दिवशी एकही गाठ ओली निघणार नाही, त्या दिवशी तेही भिंतीवर लिहा आणि मला फोन करा. पाणी कुठून आणायचं, ते मला अजून सांगता येत नाही. पण हंडे घेऊन मी येईन.

तुमचा,
विलास"