डिसेंबरच्या बाटलीतली कवचं

अंधेरीच्या एका कॉलेजात वनमालाबाई वाळू निवडायच्या. तांदूळ निवडावेत तशीच, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. गोराईच्या किनाऱ्यावरून आणलेल्या त्या वाळूत समुद्रातल्या एकपेशी जीवांची कवचं असत, खसखशीहून बारीक. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून बाटलीत टाकायचं, हे त्यांचं काम. प्राणिशास्त्राच्या श्यामकांत सरांचं म्हणणं होतं, की पाणी जितकं उबदार, तितकं कवचात मॅग्नेशियम जास्त उतरतं. म्हणून एक बाटली मे महिन्याची, एक डिसेंबरची. दोन्हींत एकाच जातीची कवचं हवीत.

१९५६च्या डिसेंबरात बाईंची नऊ वर्षांची नीला विषमज्वराने गेली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. कोणी विचारलं तर बरं आहे म्हणायच्या.

मार्चमध्ये सरांनी कवचं आम्लात विरघळवून मोजमाप केलं, तर उलटंच निघालं. डिसेंबरच्या कवचांत मॅग्नेशियम जास्त. तीनदा करून पाहिलं, तरी तेच. माझाच तर्क चुकला असेल, सोडून देऊ, असं ते म्हणाले.

बाईंनी त्या बाटलीत उरलेली कवचं काचेवर पसरली. त्यांना निवडायची होती ती जात काचेसारखी आरपार दिसणारी. मधूनमधून मात्र चिनीमातीसारखी पांढरीशुभ्र कवचं होती. ती दुसरीच जात. तिच्यात मुळातच मॅग्नेशियम भरपूर. एवढा ढळढळीत फरक, आणि ती आपण कधी उचलली ते बाईंना आठवेना.

“सर, तुमचं बरोबर आहे. दोन जाती मिसळल्यात. माझ्या हातून.”

“त्या दिवसांत तुम्ही यायलाच नको होतं, बाई.”

“घरी बसून काय केलं असतं?”

डिसेंबरची वाळू अजून डबाभर होती. बाईंनी सात आठवडे ती पहिल्यापासून निवडली. जूनमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा मेची कवचं वरचढ निघाली. सरांनी चहा मागवला, शोधनिबंधात तुमचं नाव घालतो म्हणाले. बाई बरं म्हणाल्या. आनंद व्हायला हवा हे त्यांना कळत होतं.

संध्याकाळी नवरा, काशीराम, गिरणीतून आल्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

“नीलाक आवाडला असता ह्या,” तो म्हणाला. सहा महिन्यांत घरात तिचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं.

“हो,” बाई म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला उठल्या.