लातूरचं वजन, नांदेडचं वजन

डायलिसिसच्या खोलीबाहेर आठवड्यातून दोनदा चार-चार तास बसलं की किस्से आपोआप साठतात. आत मशीन आपल्या माणसाचं रक्त धुतं, बाहेर बाकावर आपण बोलत राहायचं. दुसरं काय करणार?

ते दुष्काळाचं साल. एकेका डायलिसिसला पिंपभर पाणी लागतं आणि लातूरला प्यायलाच नव्हतं. तिथल्या दवाखान्यानं सांगितलं, नांदेडला जा. एकाच जीपनं जायचो: जळकोटहून नवऱ्याला, आमच्या मालकांना, आणणारी मी, भावाला आणणाऱ्या पंचशीलाबाई मास्तरीण, आणि बायकोला आणणारे उदगीरचे दुकानदार मन्मथअप्पा.

*

पहिल्या दिवशी नांदेडच्या कॉम्पुटरवाल्या पोरीनं विचारलं, "मागचा रेकॉर्ड?"

"लातूरच्या कॉम्पुटरात हाय."

"तो इथं दिसत नाही, आजी. कंपनी वेगळी आहे."

"म्हंजे दोघांची बोलाचाली न्हाई."

डॉक्टरांना ड्राय वेट पाहिजे होतं. अंगात साठलेलं पाणी काढल्यावर माणूस किती किलोचा उरायला पाहिजे, तो आकडा. लातूरला दर खेपेला मी काट्याजवळ उभं राहून विचारायची. मी म्हणाले, "अठ्ठेचाळीस. भाद्रपदापासून तेच हाय."

डॉक्टर हसले. "रेकॉर्ड येईपर्यंत आजीचंच धरा."

*

मन्मथअप्पा हट्टी. लातूरला जाऊन, दिवसभर बसून बायकोच्या रेकॉर्डची सीडी घेऊन आले. नांदेडात ती घालायला कुठल्याच कॉम्पुटरला खाच नव्हती.

"मग हिचं काय करू?" अप्पांनी विचारलं.

"लोक शेतात टांगतात," पोरगी म्हणाली. "पाखरं येत नाहीत."

अप्पा सीडी उलटीसुलटी करून बघत राहिले. "औंदा पीकच न्हाई, बाई. पाखरं तरी कशाला येतेत?"

*

पंचशीलाबाईंच्या भावाची, मशीनवर घेण्याआधी करतात ती काविळीची तपासणी लातूरला आठच दिवसांपूर्वी झाली होती. नांदेडनं पुन्हा रक्त मागितलं. त्याच्या अंगात रक्त होतंच कुठं!

बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेतलं लेकरू गाव बदललं की दाखला घेऊन जातं. ह्याला कामून दाखला न्हाई?"

अप्पा हळूच म्हणाले, "हितंबी भेटतो की बाई. पर गेल्यावर."

बाई हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावून बसल्या.

*

आमच्या भागाचा नवा जिल्हा होणार अशी त्या वर्षी जिकडंतिकडं बोलणी. अप्पांनी पोरीला विचारलं, "झाला तर आमी कुनाच्या कॉम्पुटरात?"

"नव्या."

"जुनं सगळं त्यात येईल?"

तिनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. अप्पा मला म्हणाले, "आजी, तुमी मरू नका. आमच्या हिचा आकडाबी ध्यानात ठेवा. बावन्न."

तेव्हापासून तिघांचेही आकडे माझ्याकडंच.

*

मग एक दिवस पोरगी धावत बाहेर आली. "आजी, जोडलं गेलं! लातूरचा सगळा रेकॉर्ड आला."

मालक काट्यावर उभे होते. एक्कावन्न. पाय सुजलेले. तीन किलो पाणी काढायला पाहिजे होतं.

पोरीनं स्क्रीन बघितला. "ड्राय वेट चौपन्न."

"ते पहिल्या महिन्यातलं, माय. कॉम्पुटरात कुनी बदललंच नसंल. तवा जेवत होते. मांस गेलं आता."

"नाव बरोबर आहे, गाव बरोबर आहे."

त्या दिवशी डॉक्टर नवे होते. त्यांनीही स्क्रीन बघितला. "चौपन्नच्या खालीच आहेत. आज पाणी काढायची गरज नाही."

"साहेब, अठ्ठेचाळीस. ह्या अप्पांना विचारा."

"आजी, आता रेकॉर्ड आलाय. तोंडी कशाला?"

मालक कधी मधे बोलायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. चौपन्न म्हंजे पहिल्यावानी झालो म्हन."

चार तास मशीन चाललं. अंगातलं पाणी अंगातच राहिलं. जीपमध्ये ते माझ्याकडं टेकून म्हणाले, "लई जड वाटायलंय." कंधार मागं पडलं तसा श्वास मोठा मोठा होत गेला. मुखेडच्या अलीकडं मान माझ्या खांद्यावर पडली.

अप्पा ओरडले, "गाडी फिरव! नांदेडला घे!"

मी मालकांच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला.

"नगं, अप्पा," मी म्हणाले. "घरीच चला."